तलावाच्या पाळीवरून दिसणारी श्रीलंका

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय ‘श्रीलंका : इतिहास, भूगोल आणि अर्थकारण’, आणि वेळ दिलाय पन्नास मिनिटं, म्हणून लगेच सुरू करते.

आधी जरा हात वर करा. श्रीलंकेला जाऊन आलेले किती जण आहेत इथं? वा, पंधराएक तरी आहेत. आता यातल्या किती जणांनी सिगिरिया बघितलं? जवळजवळ सगळ्यांनीच. आणि कालावेव? ...एकही हात नाही. बघा, हेच माझं म्हणणं आहे आणि हेच सांगायला मी गोंदियाहून इथवर पुण्याला आलेय.

सिगिरिया म्हणजे तो भलामोठा उभा कातळ, त्याच्या डोक्यावर राजवाडा, बाराशेच्या आसपास पायऱ्या. तो बांधला कश्यपानं, पाचव्या शतकाच्या शेवटी. हा कश्यप राजा कसा झाला? बापाला मारून. बाप म्हणजे धातुसेन. चूलवंस नावाचा तिथला जुना इतिहासग्रंथ आहे, त्यात गोष्ट येते की कश्यपानं बापाला कैद केलं आणि खजिना कुठंय सांग म्हणून छळ मांडला, तेव्हा धातुसेन म्हणाला मी बांधलेल्या कालावेव तलावावर मला घेऊन चला, दाखवतो. नेलं. तो पाण्यात उतरला, आंघोळ केली, पाणी प्यायला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला, माझं धन ते एवढंच. पुढे त्याला भिंतीत चिणून मारलं. तर मंडळी, मुलाचा किल्ला बघायला आपण तिकीट काढून घाम गाळत चढतो आणि बापाचं धन तिथून तास-दीड तासाच्या अंतरावर आजही पाण्यानं भरलेलं असतं, आजही त्याच्यावर धान पिकतं, तिथं आपली बस थांबत नाही.

बस थांबत नाही हे मी अनुभवानं सांगतेय. २०१६ साली आम्ही नवरा-बायको एका टूरबरोबर गेलो होतो, चाळीस माणसं, सगळी मराठी. दंबुल्लाहून अनुराधपुराकडे जाताना केकिरावाच्या आसपास मी टूर मॅनेजरला म्हटलं, बाबा रे, इथं डावीकडे कालावेव आहे, वीस मिनिटं दे. तो म्हणाला मॅडम, प्रोग्राममध्ये नाही. मी म्हटलं अरे दीड हजार वर्षांचा तलाव आहे. तो म्हणाला तलाव तर आपल्याकडे पण असतात ना मॅडम. आणि त्याच संध्याकाळी आम्हाला एका रत्नांच्या दुकानात दोन तास बसवून ठेवलं! दोन तास! नीलम बघत! मी घड्याळ लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी मसाल्यांची बाग, पुन्हा दीड तास. मग नुवारा एलिया, सीता एलिया, चहाचा कारखाना. चांगलंच आहे सगळं, सीतामाईच्या देवळात मीही डोळे मिटून हात जोडले, पण आमच्या गटातली माणसं परत आली ती ‘श्रीलंका म्हणजे थंड हवा आणि चहा’ एवढं घेऊन. आणि तो चहाचा डोंगर लंकेचा फक्त दीडशे वर्षांचा इतिहास आहे हो. त्याच्या आधीचे दोन हजार वर्षं खाली सपाटीला, उन्हात पडलेत.

म्हणून २०१८ ला आम्ही दोघंच पुन्हा गेलो. आठ दिवस. अनुराधपुरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात राहिलो. त्याबद्दल सांगतेच, पण त्याआधी भूगोल, कारण भूगोल शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेलीत आणि तो सोडून पुढे जाणं मला जमत नाही.

नकाशा डोळ्यापुढे आणा. आंब्याच्या आकाराचं बेट, क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या जरासं वर. माणसं सव्वादोन कोटींच्या आत-बाहेर. मध्यभागी, थोडे दक्षिणेकडे सरकलेले डोंगर, सगळ्यात उंच पिदुरुतलागल, २,५२४ मीटर. आता नैऋत्य मोसमी वारे येतात मे-जूनमध्ये, ते या डोंगरांना आपटतात आणि सगळं पाणी नैऋत्येच्या कोपऱ्यात ओतून टाकतात, कोलंबो, गॉल, रत्नपुरा. अगदी आपला कोकण आणि सह्याद्री. डोंगरापलीकडे काय? कोरडा वारा. लंकेचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्या कोरड्या बाजूला येतो. त्यांना पाऊस मिळतो ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, ईशान्येचा. त्या हंगामाला ते म्हणतात ‘महा’, आणि उन्हाळ्यातला छोटा हंगाम तो ‘याल’.

आता गंमत ऐका. कोरडा भाग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे माण-खटाव येतं. पण अनुराधपुराचा पाऊस किती आहे माहितीये? साधारण १३०० मिलीमीटर. पुण्याच्या जवळजवळ दुप्पट! आणि आमच्या झाडीपट्टीत, गोंदिया-भंडाऱ्यात, पाऊस तेवढाच, तेराशेच्या आसपास. खाली खडकही तसाच, जुना कठीण, पाणी फारसं न मुरू देणारा. पाऊस भरपूर पण तीन-साडेतीन महिन्यांत पडून मोकळा, मग नऊ महिने ऊन. अशा ठिकाणी धान पिकवायचं तर एकच उपाय, पडलेलं पाणी पाळ घालून अडवायचं. त्यांनी तेच केलं, आम्हीही तेच केलं. आमच्याकडे कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात तलाव बांधले, चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. माझे वडील आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी, किती पाणी जाईल ते ठरवणारा माणूस, तुमच्याकडे पाटकरी म्हणतात तो. त्यामुळे मी त्या खेड्यातल्या तलावाच्या पाळीवर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. पाळीवर मोठी झाडं, खाली हिरवं धान, पाण्यात कमळं, कडेला बगळे. फक्त आमच्या पाळीवर साती आसरा असतात आणि त्यांच्याकडे अय्यनायक नावाचा देव असतो. त्याच्यासाठी झाडाच्या फांदीला नवी मातीची मडकी बांधतात, मुट्टी मंगल्ले म्हणतात त्याला.

आमचा ड्रायव्हर दुबईत सहा वर्षं काम करून आलेला, तिथं हिंदी शिकलेला, तोच आमचा दुभाषा. त्यानं गावातल्या एका म्हाताऱ्याशी गाठ घालून दिली. सत्तरी ओलांडलेली, सारोंग गुंडाळलेला, उघडाच. सगळे त्यांना सीया म्हणायचे, सीया म्हणजे आजोबा, मीही सीयाच म्हणू लागले. त्यांचे वडील वेल विदाने होते. वेल विदाने म्हणजे काय हे ड्रायव्हर समजावायला लागला, गावाचं पाणी वाटतो तो, आणि मी त्याला अर्ध्यातच थांबवलं आणि म्हटलं, सांग त्यांना, माझेही बाबा तेच होते. सीयांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, आणि पाळीवरून उलट्या बाजूला, म्हणजे कोरड्या अंगाला, खाली उतरायला लागले. मला खूण केली, या.

पाळीच्या पायथ्याला गचपण होतं. झाडं, वेली, केवड्यासारखी काटेरी पानं. त्यात ते वाकले, पालापाचोळा बाजूला केला, तळहात मातीवर ठेवला आणि तसाच ठेवून थांबले. मग माझा हात धरून तिथं ठेवला. माती गार होती पण ओली नव्हती. मान डोलावून म्हणाले, होंदय. होंदय म्हणजे ठीक आहे, छान आहे. मंडळी, माझे बाबा दर पावसाळ्यात, रात्री कंदील घेऊन, हेच करायचे. पाळीच्या कोरड्या अंगाला हात लावून बघायचे, पाझर वाढला तर नाही ना. मी सात-आठ वर्षांची असताना मला घेऊन जायचे आणि माझा हात असाच धरून मातीवर ठेवायचे. मला तिथं रडूच आलं. ड्रायव्हर घाबरला, त्याला वाटलं काटा लागला.

जेवायला बसलो तेव्हा आणखी एक. सीयांच्या सूनबाईंनी वाढलं आणि म्हणाल्या, बत. मी म्हटलं काय? बत. भात हो! सिंहली ‘बत’ आणि आपला ‘भात’. मग सुरूच झालं, गावाला गम, आठाला अट, दहाला दहय, आणि तलावाला वेव, जो संस्कृतातल्या वापीपासून आला. भाषा आपल्याच कुळातली आहे. आणि का नसावी? महावंस म्हणजे चूलवंसाच्याही आधीचा तिथला इतिहासग्रंथ, तो म्हणतो की सिंहलांचा मूळ पुरुष विजय सातशे साथीदारांना घेऊन जहाजानं निघाला तो आधी उतरला कुठे, तर सुप्पारकाला. सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा! तिथं त्याच्या माणसांनी इतका दंगा केला की लोक उठले आणि त्याला पुन्हा जहाजात बसावं लागलं, मग तो लंकेला गेला. (हशा) हसा, पण विचार करा, सोपाऱ्याचे लोक जरा सोशिक असते तर लंकेचा इतिहास वसईत घडला असता. दंतकथा आहे, इतिहास म्हणून नाही सांगत, पण दोन किनाऱ्यांची ओळख केवढी जुनी ते त्यातून कळतं. अजिंठ्याला सतराव्या लेणीत सिंहलाच्या स्वारीचं मोठं चित्र आहे, पुढच्या वेळी गेलात की शोधा. आणि अशोकाच्या काळात त्याचा मुलगा महिंद धर्म सांगायला लंकेला मिहिंतलेला गेला, बाहेर पाठवलेल्या भिक्खूंच्या त्याच यादीत महावंस सांगतो की महाधम्मरक्खित नावाचा भिक्खू महारट्ठाला पाठवला. महारट्ठ म्हणजे आपण.

बरं, तलावाकडे येते. मातीच्या धरणाची सगळ्यात नाजूक जागा कुठली? पुणेकरांना हे मी सांगायला नको. १२ जुलै १९६१. पानशेत. इथल्या ज्येष्ठांपैकी काहींनी ते पाणी डोळ्यांनी बघितलंय. पाणी सोडायची मोरी जिथं धरणाच्या पोटातून जाते, तिथं ती नीट बांधलेली नसेल तर भोवतालची माती खचते आणि धरण जातं. हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी लंकेतल्या लोकांपुढे होताच, कारण तलाव जितका उंच तितका मोरीतून पाण्याचा जोर जास्त, तो जोर पाळ आतून खाऊन टाकतो. त्यांनी काय केलं, पाळीच्या आत, पाण्याच्या बाजूला, विटा-दगडांची चौकोनी विहीर बांधली. तलावाचं पाणी आधी त्या विहिरीत येतं, तिथं झडप वर-खाली करून किती घ्यायचं ते ठरतं, तिथंच त्याचा जोर मोडतो, आणि मग शांत झालेलं पाणी पुढच्या मोरीतून शेतात जातं. याचं नाव बिसोकोटुव. लोक त्याचा अर्थ सांगतात राणीचा कोट. हेन्री पार्कर नावाचा ब्रिटिश इंजिनियर लंकेच्या पाटबंधारे खात्यात होता, त्यानं या विहिरी मोजल्या आणि १९०९ मध्ये छापून सांगितलं की ही झडपेची विहीर सिंहली लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी शोधून काढली. आमच्या तलावांना पाणी सोडायला तुडुम असतं, लाकडी बुचांचं, त्याचं काम सोपं कारण आमची पाळ बुटकी. पण कालावेवची पाळ बघितलीत तर कळेल बिसोकोटुवशिवाय ते शक्यच नव्हतं.

आणि कालावेवपासून अनुराधपुराच्या तिसावेवपर्यंत कालवा आहे, जय गंगा, ८७ किलोमीटर. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला साधारण १० सेंटीमीटर! अर्धी वीत धरा फार तर. एक किलोमीटर चालायचं आणि जमीन अर्धी वीत उतरायची. पाचव्या शतकात. शिवाय त्याला पाळ एकाच बाजूला, दुसरी बाजू उघडी, म्हणजे वाटेतल्या रानाचं पाणीही तो पोटात घेत जातो. मी वर्गात मुलांना हे सांगायची तेव्हा ट्यूबमध्ये पाणी भरून लेव्हल दाखवायची, गवंडी करतात तशी, आणि म्हणायची आता हे घेऊन भंडाऱ्याच्या पार पुढे चालत जा.

पण मला सगळ्यात जास्त भावतात ते राजाचे तलाव नाहीत. मला भावते एल्लंगाव. एल्लंगाव म्हणजे एकाच ओढ्यावर एकाखाली एक असे लहान तलाव, माळेसारखे. वरच्या गावाच्या तलावातून सांडलेलं आणि वरच्या शेतातून निथळलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खाली. असे दहा हजारांच्या वर लहान तलाव आजही वापरात आहेत. आणि प्रत्येक तलावाचे अवयव ठरलेले. वर, पाणी येतं तिथं झाडांचा पट्टा, गसगोम्मन, तो वारा अडवतो आणि बाष्पीभवन कमी करतो. मग गवताचा पट्टा, पेरहन, तो गाळ गाळून घेतो. पेरहन म्हणजे चक्क गाळणी. रानात आणखी वर एक छोटा तलाव, कुळुवेव, तो माणसांसाठी नाही, जनावरांसाठी, म्हणजे हत्तींनी खाली शेतात यायला नको. आणि पाळीच्या खाली ते गचपण, जिथं सीयांनी माझा हात ठेवला, त्याचं नाव कट्टकडुव. मी त्याला नुसतं रान समजले होते. ती झाडं मुद्दाम राखलेली असतात, पाझरातले क्षार ती शोषून घेतात, नाहीतर पहिल्या बांध्या खारवतात.

आणि दुष्काळ पडला तर? तर ‘बेत्म’. गाव बसतं, हंगामाच्या सुरुवातीला बैठक होतेच, कन्ना बैठक, त्यात तलावात पाणी किती आहे बघून ठरतं की यंदा फक्त पाळीजवळच्या बांध्या पिकवायच्या. पण त्या ज्यांच्या मालकीच्या त्यांनीच नाही! सगळ्या गावानं, ज्याची जितकी जमीन त्या हिशोबानं, तेवढ्याच तुकड्यात वाटे पाडून. एका हंगामापुरती मालकी बाजूला. मी सीयांना विचारलं की जवळच्या बांधीवाला तयार होतो का, तक्रार नाही करत? ते म्हणाले, आज त्याची जवळ आहे, उद्या त्याच्या मुलीची लांब असेल.

आता मला जे खुपतं ते सांगते. आमच्या गावचा तलाव. १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, ते एक झालं. पाणकर हळूहळू संपले. पण सात-आठ वर्षांपूर्वी गाळ काढायची योजना आली, सगळे खूश झाले, मीही झाले, चांगलंच काम होतं ते. कंत्राटदारानं पोकलेन आणलं. गाळ नुसता काढला नाही, तळाचा चिकणमातीचा थर होता, पिढ्यान्‌पिढ्या बसलेला, पाणी धरून ठेवणारा, तोही खरवडून नेला, कारण पैसे घनमीटरवर मिळत होते. येव्याच्या, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूची झाडं ट्रकला वाट हवी म्हणून कापली. मी गेले होते सांगायला. खुर्चीवरच्या साहेबाला म्हटलं, इथं खाली मुरूम लागेल, थांबवा. तो म्हणाला, बाई, तुम्ही इंजिनियर आहात का? नाही, मी पाणकराची मुलगी आहे. पहिल्या वर्षी तलाव तुडुंब दिसला, फोटो छापून आले. आणि जानेवारीत कोरडा. पूर्वी होळीपर्यंत पाणी असायचं, ढिवरांची मासेमारी चालायची. आता ती पोरं नागपूरला कामाला आहेत. खोली वाढली आणि पाणी पळालं. मी सीयांच्या पाळीवर उभी राहून हे सगळं ड्रायव्हरला सांगत होते आणि तो सिंहलीत सीयांना सांगत होता, आणि ते नुसते ऐकत होते आणि मध्येच एकदा म्हणाले, चिखलाला हात लावायचा असतो, यंत्राला काय कळणार.

...चिठ्ठी आली. वीस मिनिटं? बारा? बरं, बारा मिनिटांत इतिहास आणि अर्थकारण. सांगते, पटापट सांगते.

माझं म्हणणं असं आहे की लंकेच्या इतिहासाची सगळी वळणं पाण्याच्या या दोन पट्ट्यांमध्ये, ओल्या आणि कोरड्या, घडली. अनुराधपुर राजधानी होतं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून ते १०१७ पर्यंत, चोळांनी ते घेतलं. मग पोलोन्नरुव. तिथं पराक्रमबाहू पहिला, ११५३ ते ११८६, ज्याचं म्हणणं की माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय पावसाचा एक थेंबही समुद्रात जाऊ देऊ नका, आणि ज्याचा पराक्रम समुद्र नावाचा तलाव आजही तिथं आहे. मग १२१५ ला कलिंगाच्या माघाची स्वारी, राज्य मोडलं, मोठे तलाव फुटले तर बुजवायला कुणी राहिलं नाही, पुढे मलेरिया. राजधान्या नैऋत्येकडे, ओल्या भागात सरकत गेल्या. मोठे तलाव राजाबरोबर गेले, पण गावचे पुष्कळ लहान तलाव टिकले, कारण ते गावाचे होते.

ओल्या भागात दालचिनी. तिच्यासाठी १५०५ ला पोर्तुगीज, १६५८ पर्यंत त्यांना हाकलून डच, १७९६ ला इंग्रज, १८१५ ला डोंगरातलं कँडीचं राज्यसुद्धा गेलं. इंग्रजांनी १८३२-३३ च्या सुधारणांत राजकारिय बंद केलं. राजकारिय म्हणजे सक्तीची सेवा, तिच्यात जुलूम होता, ती गेली ते बरंच झालं, पण तलावाची पाळ दुरुस्त करायचं कामही त्याच सेवेतून व्हायचं, त्याच्या जागी काही आणलं नाही आणि पाळी ढासळल्या. १८४० च्या कायद्यानं डोंगरातल्या जमिनी सरकारच्या झाल्या आणि मळेवाल्यांना विकल्या. आधी कॉफी. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला, तोवर १८६७ ला जेम्स टेलरनं लूलकंदुरेला चहा लावलेला होता. मळ्यांवर राबायला तमिळनाडूतून माणसं आणली, आणि स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, १९४८ ला, कायदा करून त्यातल्या लाखो जणांचं नागरिकत्व काढून घेतलं. ज्यांच्या हातचा चहा जगभर गेला ती माणसं देशाविना राहिली. हे मला फार लागतं.

स्वातंत्र्याच्या आधीपासून डी. एस. सेनानायके कोरड्या भागातले तलाव पुन्हा उभे करत होते, ते पहिले पंतप्रधान. काम मोठं होतं. पण दुरुस्त तलावांखाली, नव्या कालव्यांखाली वसवली गेली ती बहुतेक दक्षिणेकडची सिंहली कुटुंबं, आणि पूर्वेकडे ज्या पट्ट्यात तमिळ आणि मुस्लिम राहत होते तिथं लोकसंख्येचा हिशोब बिघडला. १९५६ ला फक्त सिंहली राजभाषा, त्याच वर्षी गल ओयाच्या वसाहतीत दंगल. १९८३ च्या जुलैत तमिळांवर हल्ले, मग सरकार आणि तमिळ बंडखोरांचं युद्ध, २००९ च्या मेपर्यंत. उत्तरेत तलावाला कुळम म्हणतात, इरणमडु कुळम किलिनोच्चीजवळ. तोही तलावच, त्याच्याखालीही धानच. सिंहली सीया आणि तमिळ ताता एकाच कामात म्हातारे झाले आणि त्यांची मुलं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली.

अर्थकारण. पाच मिनिटं? बरं. श्रीलंकेनं काही गोष्टी आपल्याआधी केल्या. १९३१ ला प्रौढ मतदान, बायकांसकट. १९४० च्या दशकात शिक्षणमंत्री कन्नंगरांनी मोफत शिक्षण आणलं, साक्षरता ९० टक्क्यांच्या वर. १९७७ ला खुली अर्थव्यवस्था, आपल्या चौदा वर्षं आधी. डॉलर येतात कुठून? चहाचे वर्षाला साधारण सव्वा ते दीड अब्ज, तयार कपड्यांचे त्याच्या तिपटीहून जास्त, आणि त्या कपड्यांच्या तोडीस तोड किंवा त्याहूनही जास्त बाहेर कामाला गेलेल्या माणसांचे, आमच्या ड्रायव्हरसारख्यांचे. वर पर्यटन आणि कोलंबो बंदर. आता याला तलाव समजा. येवा हा एवढाच, चार-पाच ओढे. आणि तुडुमातून जाणारं पाणी, पेट्रोल, औषधं, दूध पावडर, खत, गहू, शिवाय कर्जाचे हप्ते. २०१९ ला ईस्टरच्या दिवशी स्फोट झाले, पर्यटनाचा ओढा आटला. त्याच डिसेंबरात सरकारनं व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, सरकारची आपली आवकच आटली. मग कोविड. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये एका हुकमानं रासायनिक खत बंद, सगळ्या देशात, एका हंगामात! मला सेंद्रिय शेती आवडते, पण बैठक नाही, तयारी नाही, वरून हुकूम. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर महा हंगामाची वेळ हुकली होती, धानाला मोठा फटका बसला आणि तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली.

१२ एप्रिल २०२२ ला, त्यांच्या नववर्षाच्या दोन दिवस आधी, त्यांनी बाहेरच्या कर्जाचे हप्ते थांबवले. हाताशी वापरता येतील असे पाच कोटी डॉलरही उरले नव्हते. त्याआधी मार्चमध्ये कोलंबोकडच्या प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण कागद नव्हता. शिक्षिका म्हणून सांगते, ती बातमी वाचून मला झोप लागली नाही. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या जवळ. भारतानं त्या वर्षी चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत केली, २०२३ च्या मार्चमध्ये नाणेनिधीचं तीन अब्जांचं कर्ज मंजूर झालं. २०२४ ला नवे अध्यक्ष निवडून आले, अनुर कुमार दिसानायके, ते स्वतः अनुराधपुर जिल्ह्यात वाढलेले, त्याच तलावांच्या मुलखातले.

ड्रायव्हरचा २०२२ च्या उन्हाळ्यात फोन आला होता. गाडी उभी होती, पेट्रोलच्या रांगेत दोन रात्री काढल्या म्हणाला, आता परत दुबईचं बघतोय. मी सीयांचं विचारलं. म्हणाला, यालमध्ये त्यांनी निम्मंच पेरलं, खत नाही म्हणून, पण गावानं बेत्म केलं आणि सगळ्यांच्या घरी बत आहे.

हो, हो, झालं, थांबते. प्रश्नांना वेळ नाही म्हणतायत, पण माझी गाडी रात्री उशिराची आहे. बिसोकोटुवचं चित्र ज्यांना बघायचंय त्यांनी इथं पुढे या, सीयांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं काढून दिलंय, मापं वितीत लिहिलीत.